९०३ इनिंग: बिली वॅग्नरच्या कारकिर्दीच्या हिशोबाच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

बेसबॉल हॉल ऑफ फेमची यंदाची मतपत्रिका काल जाहीर झाली. बिली वॅग्नर या निवृत्त पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव तिच्यावर दहाव्यांदा आलंय आणि ही शेवटची खेप. दहा वर्षांत निवड झाली नाही की मत देणाऱ्या बेसबॉल लेखकांच्या मतपत्रिकेवरून नाव कायमचं उतरतं. गेल्या वर्षी ३८५ मतपत्रिका आल्या होत्या. निवडीला ७५ टक्के, म्हणजे २८९ मतं लागत होती. त्याला २८४ पडली. पाच मतं कमी.

मी १९९९च्या ऑगस्टमध्ये शिकायला ह्यूस्टनला आलो. महिन्याभरात एका वर्गमित्राने अ‍ॅस्ट्रोडोममध्ये सामना बघायला नेलं. त्या छपराखालचा संघाचा तो शेवटचा हंगाम होता, हे मला नंतर कळलं. नियम काही ठाऊक नव्हते. सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त रांगेत बसलो होतो. नवव्या, शेवटच्या इनिंगला (बेसबॉलची इनिंग म्हणजे तीन आउटचा छोटा डाव) १३ नंबरचा एक बुटका डावखुरा पळत आला आणि टाकायला लागला. तोच वॅग्नर. इतक्या वरून आधी बॅटरची बॅट फिरलेली दिसायची आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू आदळल्याची थाप क्षणभर मागून यायची. त्या थापेसाठी मी पुढची चार वर्षं मैदानावर जात राहिलो.

त्यामुळे माझं मन कुठे झुकलंय हे पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो. प्रश्न मात्र आकड्यांना विचारायचा आहे: सोळा हंगामांत मिळून फक्त ९०३ इनिंग टाकलेल्या माणसाला खेळातला सर्वोच्च मान द्यावा का? रविवारच्या मराठी शाळेत आठवी-नववीच्या मुलांना मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यांचा या सत्राचा प्रकल्प हाच. निकाल २१ जानेवारीला आहे. तोवर आमचं उत्तर आमच्या हातात असायला हवं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दिवस डेटा गोळा करण्यात गेला. शॉन लाहमन यांनी सुरू केलेला बेसबॉलचा डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे. त्यातली पिचिंगची फाइल उतरवली आणि वॅग्नरचा आयडी टाकला तर एकही ओळ आली नाही. तासभर कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच. शेवटी ०१ असलेला आयडी शंभर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच वॅग्नरचा, आणि तो कॅचर होता. पिचिंगच्या फाइलमध्ये तो सापडणार कसा? आपला वॅग्नर ०२.

दुसरी अडचण जास्त शिकवणारी निघाली. पडताळणीसाठी मी हंगामवार इनिंगचे आकडे हाताने एका शीटमध्ये लिहिले: १९९६ला ५१.२, १९९७ला ६६.१, १९९९ला ७४.२, २०१०ला ६९.१ वगैरे. बेरीज मारली, आली ८९८.८. असायला हवी ९०३.

इथे कुठल्याही मराठी घरातला क्रिकेट बघणारा पोरगा चटकन उत्तर देईल. १९.३ षटकं म्हणजे एकोणीस षटकं आणि तीन चेंडू. साडेएकोणीसशी त्याचं जुळणं हा योगायोग नाही, पण १९.२ म्हणजे एकोणीस पूर्णांक दोन दशांश खचितच नव्हे. बेसबॉलच्या इनिंगला तीन आउट. तेव्हा ७४.२ म्हणजे ७४ इनिंग आणि दोन आउट, एकूण २२४ आउट. पूर्णांकांची बेरीज ८९७ येते, उरलेले सुटे आउट १८, म्हणजे सहा इनिंग. ८९७ अधिक ६, झाले ९०३. डेटाबेसवाल्यांनी म्हणूनच इनिंगऐवजी सरळ आउटचा रकाना ठेवलाय. यापुढे मीही सगळं आउटमध्येच मोजणार. वॅग्नरचे २,७०९ आउट.

२००९च्या दोन ओळी आहेत, कारण त्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या मेट्स संघाकडून बोस्टनकडे गेला. दोन्ही एकत्र केल्या. पहिल्या हंगामाची, १९९५ची, ओळ फक्त एका आउटची आहे. ती काढली नाही.

१ डिसेंबर, रविवार

मराठी शाळा. चौदा मुलं आली होती. निम्म्यांना बेसबॉल माझ्यापेक्षा जास्त कळतो आणि निम्म्यांना अजिबात नाही, म्हणून पाटी कोरी धरूनच सुरुवात केली.

सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात, तो पाच-सहा इनिंग टाकतो. तो थकला की मागून येतात ते रिलीव्हर. त्यातला शेवटचा, आघाडी राखायला येणारा, तो क्लोझर. मुलांना टी-ट्वेंटीतल्या शेवटच्या षटकांच्या गोलंदाजाशी तुलना लगेच पटली. पण एक मोठा फरक आहे. विसाव्या षटकाचा गोलंदाज आधीही दोन-तीन षटकं टाकून गेलेला असतो. क्लोझर सहसा एकच इनिंग टाकतो आणि हंगामात साठ-सत्तर सामन्यांत येतो.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “काका, मग सगळ्यात चांगल्या बॉलरला एवढं कमी का टाकायला देतात?”

या प्रकल्पाचा गाभा तिने एका वाक्यात काढून ठेवला. एकच इनिंग टाकायची म्हणून तो सगळी ताकद लावू शकतो. आणि सगळी ताकद लावतो म्हणून एकच इनिंग टाकू शकतो. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे आकड्यांवरून सुटं करणं फार कठीण आहे. मी तिला तसंच सांगितलं.

७ डिसेंबर, शनिवार

आज सेव्ह. रिलीव्हरचं नाव निघालं की लोक पहिल्यांदा हाच आकडा विचारतात.

शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्टझमन यांनी १९६०च्या सुमारास ही कल्पना मांडली आणि १९६९पासून ती अधिकृत झाली. त्याआधी रिलीव्हरने सामना वाचवला तरी त्याच्या नावापुढे काहीच लागत नसे. म्हणजे हेतू चांगला होता. नियम ढोबळमानाने असा: जिंकणाऱ्या संघाचा सामना संपवणारा पिचर, आघाडी जास्तीत जास्त तीन धावांची असताना येऊन किमान एक इनिंग टाकली, किंवा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर (धाव पुरी करताना थांबायच्या ठाण्यावर), बॅटिंगला किंवा त्याच्या पाठोपाठ असताना आला, किंवा शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या, तर सेव्ह.

वॅग्नर ४२२. त्याच्या काळातले दुसरे दोन मोठे क्लोझर, ट्रेव्हर हॉफमन ६०१. मारियानो रिव्हेरा ६५२, हा विक्रम.

या तीन आकड्यांवर थांबलो तर वॅग्नरची बाजू तिथेच पडते. पण सेव्ह नेमका काय मोजतो? तीन धावांची आघाडी, नववी इनिंग, बेस रिकामे. सर्वसाधारण संघ एका इनिंगला सरासरी अर्धी धाव काढतो. तिथे तीन धावा राखणं हे साध्या पिचरलाही बहुतेक वेळा जमतं. एका धावेची आघाडी राखणं वेगळं. सेव्हच्या रकान्यात दोघांची किंमत एकच.

उलट बाजूचं उदाहरण ११ जून २००३. न्यूयॉर्कला, यांकी स्टेडियममध्ये, ह्यूस्टनच्या सहा पिचरांनी मिळून यांकीजना एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिली नाही. शेवटची इनिंग वॅग्नरची. सामना ८-० होता, म्हणून सेव्ह नाही. मी तो सामना मित्राच्या खोलीवर उभ्याने पाहिला आहे, आणि सेव्हच्या रकान्यात त्या रात्रीची जागा रिकामी आहे.

सेव्हच्या संधींपैकी किती साधल्या, हे टक्क्यांत पाहिलं. वॅग्नर ४९१पैकी ४२२, म्हणजे ८५.९. हॉफमन ८८.८. रिव्हेरा ८९.१. इथे वॅग्नर मागेच आहे आणि हे मुलांपासून लपवायचं नाही. दर शंभर संधींमागे तीन संधी जास्त निसटल्या.

८ डिसेंबर, रविवार

शाळेला सुट्टी. सेव्हचा आलेख काढून ठेवला. त्यात दिसण्यासारखं फार काही नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

आज मला सगळ्यात आवडणारं काम होतं. बॅटरला चेंडू लागूच द्यायचा नाही, ही वॅग्नरची खरी कला.

पिचरचं काम क्षेत्ररक्षकांच्या कामात मिसळलेलं असतं. चेंडू मैदानात गेला की आउट होणं न होणं सात-आठ जणांच्या हातात. स्ट्राइकआउटमध्ये, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद होतो तेव्हा, मात्र पिचर, कॅचर आणि बॅटर एवढेच. म्हणून एकट्या पिचरला जोखायला स्ट्राइकआउट हा सगळ्यात स्वच्छ आकडा.

वॅग्नरचे स्ट्राइकआउट १,१९६. नऊ इनिंगमागे ११.९. किमान ९०० इनिंग टाकलेल्या पिचरांत २०२४च्या हंगामापर्यंत हा दर सगळ्यात जास्त होता. त्याच्यासमोर बॅटरांची सरासरी .१८७, म्हणजे हजारात १८७ हिट, तीही तेव्हा त्या गटात सगळ्यात कमी. त्याच्यासमोर ३,६०० बॅटर आले. म्हणजे दर तिघांतला एक चेंडूला बॅट धड न लावता परतला.

मग आउटच्या हिशोबाने पाहिलं. १९९९मध्ये २२४ आउट, त्यातले स्ट्राइकआउट १२४. पंचावन्न टक्के. त्या अख्ख्या वर्षात त्याने ३५ हिट दिल्या. आणि २०१०, त्याचा शेवटचा हंगाम, वय एकोणचाळिसाच्या उंबरठ्यावर, अटलांटाकडून: २०८ आउट, १०४ स्ट्राइकआउट. बरोब्बर निम्मे. मी भागाकार दोनदा करून पाहिला. (तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला तर बॅटर पहिला बेस गाठू शकतो, म्हणजे प्रत्येक स्ट्राइकआउट हा आउट असतोच असं नाही. पण तो प्रकार विरळा, टक्केवारी हलत नाही.)

त्या हंगामात त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.४३ होता, ३७ सेव्ह होत्या, आणि तो घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून निवृत्त झाला. आणखी दोन-तीन वर्षं राहिला असता तर सेव्हचा आकडा पाचशेजवळ गेला असता, असं बरेच जण म्हणतात. मला त्या जर-तरमध्ये शिरायचं नाही. जे टाकलं ते मोजायचं.

मुलांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. वॅग्नर जन्माने उजवा. व्हर्जिनियात लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्या हाताने फेकायला शिकला. लिहितो उजव्याने, ताशी शंभर मैलांचा चेंडू टाकायचा डाव्याने. उंची पाच फूट दहा इंच. छोट्या फेरम कॉलेजातून आलेल्या या मुलाला ह्यूस्टनने १९९३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बाराव्या क्रमांकावर उचललं.

१५ डिसेंबर, रविवार

शाळेत ईआरए शिकवला. पिचरच्या नावे लागलेल्या धावा, म्हणजे अर्न्ड रन, गुणिले नऊ, भागिले इनिंग. क्रिकेटमधली गोलंदाजीची सरासरी दर बळीमागे धावा सांगते, हा दर नऊ इनिंगमागे, म्हणजे सत्तावीस आउटमागे, सांगतो. जात एकच. वॅग्नर: २३२ धावा, ९०३ इनिंग, २.३१. १९२०नंतरच्या पिचरांत, किमान ९०० इनिंग धरल्या तर, याहून कमी फक्त रिव्हेराचा, २.२१.

फळ्यावर मी २००० सालची ओळ मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिली. त्या वर्षी कोपर दुखावलेलं होतं. २७.२ इनिंग, १९ धावा, ईआरए ६.१८. एका मुलाने हात वर केला: “ते वर्ष काढूनच टाकू ना, तो जखमी होता.” काढून पाहिलं. उरलेल्या कारकिर्दीचा ईआरए २.१९ आला, रिव्हेराच्याही खाली. वर्ग खूश झाला. मग मी विचारलं, रिव्हेराचं वाईट वर्ष पण काढायचं का? हॉफमनचं? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्याच मुलाने स्वतः उठून ते वर्ष फळ्यावर परत लिहिलं. आजचा तास त्याच्यामुळे सार्थकी लागला.

२१ डिसेंबर, शनिवार

गेला आठवडा एकाच गोष्टीवर अडलो होतो. ईआरए हा दर आहे, इनिंग हा आकार आहे. वॅग्नरचा दर उत्तम, आकार लहान. हॉफमनचा आकार मोठा, दर त्याहून कमी प्रतीचा. दोन्ही एका मापात कसे आणायचे?

ईआरए प्लस नावाचा आकडा असतो. त्या काळातल्या लीगच्या सरासरीशी आणि मैदानाच्या स्वभावाशी ताडून पाहिलेला ईआरए. १०० म्हणजे सरासरी, वर जाल तितकं चांगलं. वॅग्नर १८७, रिव्हेरा २०५, हॉफमन १४१.

यातून साधा हिशोब निघतो, तो मला परवा रात्री भांडी घासताना सुचला. वॅग्नरने २३२ धावा दिल्या. ईआरए प्लस १८७ याचा अर्थ, त्याच मैदानांवर, त्याच काळात, सरासरी पिचरने तेवढ्याच इनिंगमध्ये याच्या १.८७ पट धावा दिल्या असत्या. म्हणजे जवळपास ४३४. फरक सुमारे २०२. इतक्या धावा वॅग्नरने सरासरी पिचरपेक्षा वाचवल्या.

आता बाकीचे. रिव्हेरा: ३१५ धावा, १,२८३.२ इनिंग, वाचवल्या सुमारे ३३१. हॉफमन: ३४७ धावा, १,०८९.१ इनिंग, वाचवल्या १४२. गूस गॉसेज, जुन्या पद्धतीचा, एकेका वेळी दोन-तीन इनिंग टाकणारा: १,८०९.१ इनिंग, ईआरए प्लस १२६, वाचवल्या सुमारे १५७. ब्रूस सटर: १,०४२ इनिंग, १३६, वाचवल्या ११८. हॉइट विल्हेल्म, १९८५मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला रिलीव्हर: २,२५४.१ इनिंग, १४७, सुमारे २९७.

कागदाकडे बराच वेळ बघत राहिलो. वॅग्नरच्या इनिंग गॉसेजच्या निम्म्या, आणि वाचवलेल्या धावा जास्त. हॉफमनपेक्षा १८६ इनिंग कमी टाकून साठ धावा जास्त वाचवल्या. हॉफमन २०१८मध्ये ७९.९ टक्के मतांनी आत गेला. त्याला तो मान मिळाला ते योग्यच झालं. पण सेव्हच्या रकान्यात जो १७९ने पुढे दिसतो, तोच धावांच्या रकान्यात मागे आहे. आकार लहान, हा आक्षेप इथे उत्तर देऊन संपतो, कारण या बेरजेत आकार आधीच धरलेला आहे. कमी इनिंगची शिक्षा वॅग्नरला या मापात पूर्ण मिळाली आणि तरीही तो सहा जणांत तिसरा आला.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “सरासरी पिचर म्हणजे कोण? त्यात ते पहिल्यापासून टाकणारे पण धरलेत का?”

धरलेत. आणि तिथे गोम आहे.

२२ डिसेंबर, रविवार

शाळा नाही, नाताळची सुट्टी लागली. बायकोच्या प्रश्नावर दिवस घालवला.

लीगच्या सरासरीत स्टार्टर येतात. स्टार्टरला तोच बॅटर एका सामन्यात दोन-तीनदा भेटतो; तिसऱ्यांदा येईस्तोवर बॅटरचा डोळा बसलेला असतो. रिलीव्हरला तो एकदाच भेटतो. शिवाय रिलीव्हरला ताकद राखून ठेवावी लागत नाही. त्यामुळे एकूण रिलीव्हरांचा ईआरए स्टार्टरांपेक्षा कमी असतो. माझे २०२ म्हणूनच थोडे फुगलेले आहेत. पण तो फुगवटा सहाही जणांना लागू आहे, सगळ्यांनी रिलीव्हर म्हणूनच नाव काढलं. आपापसातला क्रम त्याने बदलू नये, असं माझं मत. स्टार्टरशी तुलना करायला मात्र हे माप वापरायचं नाही, हे शीटवर लाल अक्षरांत लिहिलं.

दुसरी एक खोच. आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेला धावपटू रिलीव्हरच्या चेंडूवर घरी पोचला, तर धाव आधीच्या पिचरच्या नावे लागते. म्हणजे इनिंग अर्धवट असताना, भरलेल्या बेसवर येणाऱ्या रिलीव्हरचं पाप ईआरएत दिसत नाही आणि पुण्यही दिसत नाही. वॅग्नर बहुतेक वेळा नववी इनिंग कोऱ्या बेसवर सुरू करायचा, म्हणून त्याच्या बाबतीत ईआरए बऱ्यापैकी खरं बोलतो. गॉसेज आणि सटर यांच्यावर मात्र माझा कालचा हिशोब अन्याय करतो. ते आगीत उडी घेणारे पिचर होते. कालच्या आकड्यांपुढे ही तळटीप राहू दे.

वॉर (साध्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त मिळवून दिले) या एकत्रित मापातही पाहिलं. त्यात वॅग्नर २७.७, हॉफमन २८.०, जवळजवळ बरोबरी. रिव्हेरा ५६च्या वर, तो एकटाच वेगळ्या डोंगरावर आहे. रिव्हेराशी तुलना करून कुणालाही बाद ठरवणं म्हणजे ब्रॅडमनची सरासरी हातात धरून तेंडुलकरला नापास करणं.

२८ डिसेंबर, शनिवार

ऑक्टोबर. हा भाग मी टाळत होतो.

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत, वॅग्नरने ११.२ इनिंग टाकल्या आणि १३ धावा दिल्या. ईआरए १०.०३. रिव्हेराने १४१ इनिंगमध्ये ०.७० राखला होता, म्हणून ही जखम आणखी उघडी दिसते. १३ ऑक्टोबर २००६ची रात्र मला लख्ख आठवते. मेट्स विरुद्ध सेंट लुईस, ६-६ बरोबरी, नवव्या इनिंगच्या सुरुवातीलाच सो तागुचीने होम रन मारली. तागुची काही होम रन मारणारा बॅटर नव्हता. सामना ९-६ गेला.

चाहता म्हणून मला म्हणायचं होतं की नमुना लहान आहे, सोडून द्या. ३५ आउट. हंगामातल्या २,७०९पुढे सव्वा टक्का. हे खरं आहे. पण विद्यार्थ्यांना शिकवतो त्या कसोटीवर घासून पाहिलं. नेहमीच्या दराने ११.२ इनिंगमध्ये त्याने तीन धावा द्यायला हव्या होत्या. दिल्या तेरा. एवढी तफावत निव्वळ नशिबावर ढकलता येत नाही. समोर निवडक संघ, हंगामाच्या शेवटी थकलेला हात, कारणं असतील. पण काहीतरी घडलं होतं हे मान्य करायला हवं. मला हे लिहिताना वाईट वाटलं आणि तरी ते लिहिलं.

आता त्याचं वजन किती धरायचं? सगळ्यात सरळ मार्ग: त्या तेरा धावा कारकिर्दीत मिळवून टाकल्या. २४५ धावा, ९१४.२ इनिंग. ईआरए २.४१. हॉफमनच्या हंगामी २.८७पेक्षा अजूनही चांगला. ऑक्टोबरच्या धावा दुप्पट महत्त्वाच्या धरल्या तरी क्रम हलत नाही, तेही करून पाहिलं. ऑक्टोबरमुळे वॅग्नर रिव्हेरा होत नाही. हॉल ऑफ फेमच्या बाहेरही पडत नाही.

निर्णायक क्षणांबद्दल मुलांशी बोलायला हंगामातलाच एक दाखला जास्त बोलका वाटतो. ७ सप्टेंबर २००५, वॅग्नर तेव्हा फिलाडेल्फियाकडे होता, समोर जुना संघ ह्यूस्टन. नवव्या इनिंगला जुना सहकारी क्रेग बिजिओ याने तीन धावांची होम रन मारली, ह्यूस्टन ८-६ जिंकलं. हंगाम संपला तेव्हा फिलाडेल्फिया एका सामन्याने मागे राहिलं, आणि पुढे गेलं ते ह्यूस्टनच. त्या वर्षी वॅग्नरचा ईआरए १.५१ होता! वर्षभराचं सोनं आणि एका रात्रीची किंमत, दोन्ही एकाच ओळीत आहेत. सरासरीला ती रात्र दिसत नाही. क्लोझर असणं म्हणजे काय, हे मला अ‍ॅस्ट्रोडोमनंतर पुन्हा त्या ओळीत कळलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

मतांचा आलेख काढला. २०१६ला १०.५ टक्के. २०१७ला १०.२, २०१८ला ११.१, २०१९ला १६.७. मग चढ: ३१.७, ४६.४, ५१.०, ६८.१, ७३.८.

एका मुलीने विचारलं, “पण तो तर २०१०मध्येच थांबला होता ना? मग आकडे कसे वाढले?” त्याचे आकडे तसूभरही हलले नव्हते. हलले ते बघणारे. प्रत्येक मतदाराला जास्तीत जास्त दहाच नावं देता येतात, आणि २०१६च्या आसपास मतपत्रिकेवर दिग्गजांची गर्दी होती. ती हळूहळू ओसरली. रिव्हेरा आणि हॉफमन आत गेल्यावर त्यांच्याशी रोजची तुलना थांबली. आणि सेव्हच्या पलीकडे पाहणारे मतदार वाढले. शेवटचं कारण मला आवडतं म्हणून मी त्याला जास्त वजन देतोय का, हे तपासायला माझ्याकडे डेटा नाही. मुलांना तिन्ही कारणं सारखीच सांगितली.

१२ जानेवारी, रविवार

मुलांनी भिंतीवर तक्ता केला. आडव्या अक्षावर इनिंग, उभ्यावर सरासरीपेक्षा वाचवलेल्या धावा. सहा ठिपके. वॅग्नरचा सगळ्यात डावीकडे, आणि उंचीला तिसरा. डावीकडे म्हणजे कमी काम. ठिपक्यांखाली नावं मुलांनी मराठीत लिहिली आहेत.

मग मतदान घेतलं. चौदापैकी अकरा हो, तीन नाही. ७५ टक्क्यांना अकरा लागत होती, म्हणजे आमच्या वर्गात तो काठावर आला. नाही म्हणणाऱ्यांपैकी एकाने कारण लिहून दिलंय: “ऑक्टोबर.” मी ते तक्त्याशेजारी लावलं.

२१ जानेवारी, मंगळवार

कामावरून लवकर निघालो. पाच वाजायच्या आत घरी, टीव्हीपुढे.

यंदा त्याच्यासोबत निवडले गेलेले दोघे आधी: इचिरो ३९४पैकी ३९३. सबॅथिया ८६.८ टक्के. वॅग्नर ३९४पैकी ३२५, म्हणजे ८२.५ टक्के.

त्याचा चेहरा दाखवला तेव्हा तो रडत होता, आणि मीही स्वतःला आवरलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची ती थाप कानात होती. बायकोने चहा आणून हातात दिला आणि काही न बोलता शेजारी बसली.

रात्री शीट उघडली. रिलीव्हर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेलेल्यांत आजवर सगळ्यात कमी इनिंग सटरच्या होत्या, १,०४२. तो रकाना बदलला: ९०३.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन आणि मग आमचा तास. “ऑक्टोबर” लिहिणाऱ्या मुलाला विचारलं, निकालानंतर मत बदललं का? तो म्हणाला, नाही, बाकीच्यांनी हो म्हटलं म्हणून ते तेरा रन पुसले जात नाहीत. बरोबर आहे. चिठ्ठी भिंतीवरच राहील.

जाताना मागच्या बाकावरची ती मुलगी थांबली. तिने वहीत वॅग्नरच्या सोळा हंगामांचे आउट ओळीने उतरवून काढले होते आणि २००९च्या पुढे प्रश्नचिन्ह केलं होतं: ४७. सप्टेंबर २००८मध्ये कोपरावर मोठी शस्त्रक्रिया, टॉमी जॉन म्हणतात ती, मग वर्षभर जवळजवळ काहीच नाही, म्हणून ते ४७ आउट. आणि पुढच्याच ओळीत २०८, त्यातले निम्मे स्ट्राइकआउट. “काका, ऑपरेशननंतर सगळ्यांचं असं होतं की याचंच झालं?”

लाहमनच्या फाइलमध्ये शस्त्रक्रियांचा रकाना नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रिलीव्हरांची यादी आधी हाताने करावी लागेल, मग प्रत्येकाचे आधीचे आणि नंतरचे दोन-दोन हंगाम आउटमध्ये. पुढच्या शनिवारी सुरू करतो. तिला तिच्या वहीसकट बोलावलंय.